संदर्भ : राष्ट्रपतींचे पत्र

राष्ट्रपतींची सही मी ऑफिसातल्या निळ्या पेनाने केली. जेवणाची सुट्टी होती. डबा समोर तसाच बंद होता. आधी एका रद्दी कागदाच्या पाठीवर मी ती सात-आठ वेळा गिरवून पाहिली. खरी सही कशी दिसते ते मला माहीत नव्हतं, मी ती कधी पाहिलीच नव्हती. मोठ्या माणसाची सही जशी असावी असं मला वाटलं तशी केली. पहिलं अक्षर उंच, बाकीची एकात एक अडकलेली आणि खाली एक लांब रेघ.

ज्या देशाचा तो राष्ट्रपती, तो देश पॅसिफिक महासागरात आहे. नाव लिहीत नाही. त्या देशाने माझं काही वाईट केलेलं नाही, मीच त्याचं नाव वापरलं. आमच्या उरण तालुक्यापेक्षाही लहान असेल. त्याच्या संसदेत माणसं किती, तर एखाद्या सोसायटीच्या वार्षिक सभेला येतात तेवढी. तीच माणसं आपल्यातल्या एकाला राष्ट्रपती करतात आणि मन बदललं की उतरवतात.

बेलापूरला, जहाजांवर खलाशी पाठवणाऱ्या एका कंपनीत मी कागद तपासायचं काम करतो. बावीस वर्षं झाली. प्रत्येक जहाज कुठल्या तरी देशाचा झेंडा लावतं आणि ज्याचा झेंडा त्या देशाचा कायदा जहाजावर चालतो. मालक कुठला, खलाशी कुठले, माल कुठला, याचा झेंड्याशी संबंध नसतो. काही छोटे देश आपला झेंडा असा वापरायला देतात. जहाज जन्मात त्या देशाच्या किनाऱ्याला लागत नाही, पण कागदावर तिथलं असतं. माझ्यासमोर येतो तो हा कागद. एक छापील यादी असते, प्रत्येक प्रमाणपत्रासमोर चौकोन. कागद बघायचा, मुदत बघायची, चौकोनात टिक करायची. सगळ्या टिका झाल्या की माणूस विमानात बसतो.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा फिटर. आधी आमच्या जासईजवळच्या कंटेनर यार्डात होता, मग जहाजावर गेला. मध्ये दीड वर्ष त्याला जहाज मिळालं नव्हतं. बहीण खांदेश्वरला राहते. दर रविवारी फोन यायचा, "दादा, काय बघितलंस का?" तेव्हा त्या पॅसिफिक झेंड्याच्या जहाजावर फिटरची जागा आली. कागद मीच तपासले. खलाशी परदेशात अडकले तर त्यांना घरी आणायचा खर्च ज्या विम्यातून निघतो, त्याचं प्रमाणपत्र तीन आठवड्यांत संपणार होतं. मालकाचा माणूस फोनवर म्हणाला, "नवीन येतंय, पाठवतो." माझं पेन त्या चौकोनावर थांबलं होतं. ते थांबणं मला नीट आठवतं, म्हणून चूक झाली असं मी म्हणू शकत नाही. मी टिक केली. नवीन प्रमाणपत्र कधीच आलं नाही.

भावोजी जहाजावर गेले. पाचव्या महिन्यात मालक फोन उचलेनासा झाला. जहाज आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. किनारा दिसत होता, पण उतरायची परवानगी नव्हती. पासपोर्ट मालकाच्या तिथल्या एजंटाकडे. जहाजावर पाच माणसं उरली होती. पंधरा दिवसांनी एक बोट येऊन तांदूळ, डाळ, पाण्याचे कॅन टाकून जायची, कधी यायची नाही. जनरेटर दिवसातून एक तास. त्या तासात भावोजी फोन चार्ज करत आणि बहिणीला दोन ओळी पाठवत. "बरा आहे. काळजी नको." एकदा लिहिलं, "पाण्याला गंजाची चव आहे." त्या एका वाक्याने मी चार दिवस नीट जेवलो नाही.

राष्ट्रपतींना लिहायची कल्पना बहिणीची. झेंड्याचं मी तिला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे ते जहाज त्या देशाचं गाव झालं. मग गावात अडलं तर सरपंचाकडं जातात ना? याचा सरपंच कोन?"

"राष्ट्रपती म्हणायचा."

"मग त्याला लिही. तुझं इंग्रजी चांगलं हाय."

अर्ज आमच्या घरात काही नवा नव्हता. नव्या शहरासाठी सरकारने जमिनी घेतल्यापासून आमच्या वडिलांचं अर्धं आयुष्य अर्ज करण्यात गेलं. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी केलेल्या त्यांच्या फायली आजही माळ्यावर आहेत. शाळा चौथीपर्यंत, पण अर्जातले दोन नियम ते आम्हा भावंडांना पाढ्यांसारखे शिकवायचे. पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही. आणि साहेब बदलला की नव्या साहेबाला जुन्या पत्राचा संदर्भ द्यायचा, झेरॉक्स जोडायची. "संदर्भ नसला की अर्ज अनाथ," म्हणायचे.

मी लिहिलं, मनापासून लिहिलं. त्या सरकारच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर ईमेल केलं. उत्तर आलं नाही. सहा आठवडे बहीण रोज विचारायची, "आलं का?" आणि मी म्हणायचो, "येईल, मोठी ऑफिसं वेळ लावतात."

मग एके दिवशी तिने विचारलं नाही, सांगितलं. "उद्या मी तुझ्या साहेबांना भेटते. माणूस पाठवताना तुमी काय बघता ते विचारते."

साहेबाने फाइल मागवली असती. फाइलमध्ये ती टिक होती, तिच्याखाली माझी आद्याक्षरं.

मला इथे सांगायला सोपं जाईल असं कारण म्हणजे मी बहिणीला धीर द्यायला ते पत्र लिहिलं. लोक हे कारण मान्यही करतील. पण ते अर्धंच खरं आहे. मी ते लिहिलं कारण ती उद्या येणार होती.

पत्राचा वरचा भाग वेबसाइटवरून घेतला, त्या देशाची मुद्रा वगैरे. आयुष्यभर देशोदेशीचे सरकारी कागद हाताळलेत, भाषा मला येते. आपले पत्र मिळाले, राष्ट्रपती महोदयांनी स्वतः लक्ष घातले आहे, कृपया धीर धरावा. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण वाचून पाहिलं तर पोकळ वाटलं, म्हणून आणखी एक वाक्य घातलं : "आमचा प्रतिनिधी महिनाअखेरीस जहाजावर येऊन सर्व पाच खलाशांच्या परतीची व्यवस्था करील." त्या वाक्याने पत्र खरं वाटायला लागलं. मग सही केली आणि त्याच संध्याकाळी पत्र तिला नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली नाही. पत्राचा फोटो तिने भावोजींना पाठवला होता. संध्याकाळी तिचा फोन आला, तर हसत होती. किती महिन्यांनी हसली.

दहा-बारा दिवसांनी तिचा पुन्हा फोन. आवाजात अभिमान. "दादा, कळलं का? काल एजंटाची बोट आली होती. म्हने दोघांना सोडतो, बाकीचे नंतर. यांचा नंबर लागला होता."

"मग? निघाले?"

"नाय ना! तो म्हातारा कुक हाय बघ, त्याला धाप लागते. यांनी आपली जागा त्याला दिली. म्हनाले, राष्ट्रपतीचा मानूस येतोयच महिनाअखेरीला, मी थांबतो."

मी काय बोललो आठवत नाही. महापे नाक्यावर रस्त्याच्या कडेला उभा होतो, एका कागदासाठी तिकडे गेलो होतो. बाजूने ट्रेलर जात होते आणि मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. बोट गेली होती. त्यात एक जागा होती, ती माझ्या एका वाक्याने रिकामी केली. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "भावोजी मोठ्या मनाचे आहेत." एवढं मात्र आठवतं.

महिनाअखेर आली आणि गेली. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. हवामानखात्याच्या वेबसाइटवर आखातातला वारा बघायचो. नांगराची साखळी जुनी आहे हे भावोजींनी एकदा लिहिलं होतं. बायको विचारायची, "काय झालंय तुम्हाला?" मी म्हणायचो, "अॅसिडिटी."

भावोजींचा मेसेज तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला : "हाताला लागलं आहे. थोडंसं." डाव्या हाताचं बोट दोर ओढायच्या विंचमध्ये सापडलं होतं. औषध नव्हतं, मिठाच्या पाण्याने धूत होते.

आणि त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला, "दादा, आपला राष्ट्रपती पडला."

"आपला?"

"अविश्वास ठराव आनला म्हने. दोन मतांनी गेला." त्या देशाच्या बातम्या ती रोज फोनवर भाषांतर करून वाचायची. तिथे कुठे बोट बुडाली, कुठे शाळेचं छप्पर उडालं, सगळं तिला ठाऊक असायचं. "नवा कोनी शाळामास्तर होता म्हने आधी."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं. आता जबाबदार तो पडलेला राष्ट्रपती होता. मी म्हणालो, "म्हणजे जुन्याने दिलेला शब्द गेला बघ. राजकारण असंच. नवीन माणूस जुन्याचं कशाला पाळेल?"

"ते म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "म्हनून तर कालच अर्ज केला. झेरॉक्सवाल्या ताईकडून ईमेल पाठवलं. दोन-तीन ऑफिसांचे पत्ते काढले तिने. संदर्भ टाकलाय, आपल्या कार्यालयाचे पत्र म्हनून. आनि झेरॉक्स जोडली."

"कसली झेरॉक्स?"

"राष्ट्रपतीच्या पत्राची. बाबा काय सांगायचे? साहेब बदलला की संदर्भ द्यायचा. पोच पन घेतली हाय, ईमेल गेल्याचं प्रिंट."

माझं खोटं पत्र, खोट्या सहीसकट, ज्याचं म्हणून लिहिलं होतं त्याच्याच कार्यालयात जाऊन पडलं होतं.

भीती म्हणजे काय हे मला त्यानंतरच्या अकरा दिवसांत कळलं. अनोळखी नंबर आला की तो परदेशचा आहे का ते आधी बघायचो. बँकेची लोनवाली मुलगी, "सर, दोन मिनिटं बोलू शकता का," आणि मी घाईघाईने फोन कापायचो. मी हिशेब मांडायचो की देश मोठा असता तर ते पत्र कुठल्या तरी कारकुनाकडे पडून राहिलं असतं. पण हा देश इतका लहान की राष्ट्रपती सकाळी स्वतःच ईमेल उघडत असेल. शाळामास्तर होता, खोटी सही ओळखायची त्याला सवय असेल. पोलीस, नोकरी, बदनामी, सगळं डोळ्यांसमोरून जायचं. पण सर्वांत वाईट भीती वेगळीच होती. खोटं पत्र जोडलंय म्हणून ते बहिणीचा अख्खा अर्जच खोटा समजतील, कचऱ्यात टाकतील, आणि भावोजी तिथेच राहतील.

रविवारी सकाळी बहिणीचा मेसेज आला. "उत्तर आलं. ये."

खांदेश्वरच्या तिच्या घरात ती जमिनीवर बसून सुका जवळा निवडत होती. सूप मांडीवर. फोन पुढे केला. "वाच. भाषांतर मी केलंय, पन नीट कळंना. तूच वाच. शब्दान् शब्द वाच."

उत्तर लहान होतं. राष्ट्रपतींच्या सचिवाचं. मी मनातल्या मनात शेवटपर्यंत वाचलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या क्षणी मी काहीही सांगू शकलो असतो. भाषांतर नीट होत नाही म्हणून मी आणखी एक पत्र तोंडी बनवू शकलो असतो. माझ्या डोक्यात त्याचं पहिलं वाक्य तयारही झालं होतं.

"वाच ना," ती म्हणाली.

मी वाचलं. "आपला अर्ज मिळाला. यापूर्वीचा आपला कोणताही अर्ज आमच्याकडे नोंदलेला नाही." मी थांबलो.

"म्हंजे पहिला पोचलाच नव्हता?"

"नाही. वेबसाइटवरचा पत्ता बंद असणार."

"पुढं."

"सोबत जोडलेले पत्र या कार्यालयाने पाठवलेले नाही. त्यावरची सही माजी राष्ट्रपतींची नाही. हे पत्र आपल्याला कोणी दिले ते कळवावे. तसेच जहाजाचा क्रमांक आणि सर्व खलाशांची नावे तातडीने पाठवावीत, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडे आणि त्या बंदराकडे विचारणा करता येईल."

तिचे हात जवळ्यात तसेच चालू होते. बोटं कचरा वेचत होती, बाजूला टाकत होती. "मग कोनी दिलं?" ती म्हणाली. "तूच तर आनून दिलंस. तुला कोनी दिलं?"

"मी लिहिलं."

बोटं थांबली.

"आनि सही?"

"मीच केली."

तिने सुपातला जवळा हाताने सपाट केला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "त्यांनी बोटीतली जागा सोडली, दादा."

"माहीत आहे."

"पहिलं पत्र पोचलं नाय हे तवाच कळलं असतं तर मी दुसरीकडं पाठवलं असतं. तवाच. त्यांच्या हाताचं बोट तुटायच्या आधी."

मग मी विम्याचंही सांगितलं. तिने विचारलं नव्हतं, तिला ते माहीतही नव्हतं. पण अर्धं सांगून तिथून उठलो असतो तर पुन्हा तोच माणूस राहिलो असतो. चौकोन, थांबलेलं पेन, टिक, सगळं सांगितलं. ऑफिसात येऊ नये म्हणून पत्र लिहिलं, तेही.

तिने सूप बाजूला ठेवलं. रडेल, ओरडेल, हाकलेल, मी कशालाही तयार होतो. ती उठली, कपाटातून फुलस्केप आणली. "पेन हाय ना? हाय, तुझ्याकडं पेन असतंच. लिही. मी सांगते, तू इंग्रजी कर."

तिने अर्ज सांगितला. जहाजाचा क्रमांक, माणसांची नावं, कुणाला काय लागलंय. आणि सगळ्यांच्या वर, बाबांच्या पद्धतीने, संदर्भ. "संदर्भ एक. माझ्या भावाने लिहिलेले खोटे पत्र. लिहिलंस? त्याच्या खाली, विम्याचं. कागद बघून पन टिक केली, असं लिही. संदर्भ दोन, आपलं आजचं उत्तर."

मी लिहिलं. अक्षर माझंच.

"आता खाली सही कर," ती म्हणाली. "तुझी."

अर्ज त्याच दुपारी ईमेलने गेला. एक प्रत मी सोमवारी माझ्या साहेबांना दिली. पोच घेतली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, प्रत ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाले, "कशाला एवढं कागदावर आणलंत?" आजपर्यंत मला कुणी काढलेलं नाही. त्या ड्रॉवरची मला अजून भीती वाटते. त्या देशाकडून माझ्याबद्दल एकच ओळ आली, "नोंद घेतली आहे." तिचीही वाटते.

पण त्यांनी विचारणा केली. नोंदणी कार्यालयाने बंदराला कळवलं, बंदराची माणसं जहाजावर चढली. सात आठवड्यांनी उरलेले तिघं सुटले. विमानतळावर भावोजी बाहेर आले तेव्हा शर्ट हँगरला लावल्यासारखा दिसत होता. डाव्या हाताला अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरं नव्हती. बहीण माझ्या शेजारी उभी होती. त्यांच्याकडे जाण्याआधी तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, "त्यांना मी काय सांगितलेलं नाय. ते तुझं काम."

तिसऱ्या दिवशी मी गेलो. जिन्यात दोनदा थांबलो. परत फिरावं असं वाटलं, खरंच वाटलं. भावोजी गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मला बघून उठायला लागले. "बस दादा. चहा घेशील ना? अगं, दादा आलाय!" आतून बहिणीने उत्तर दिलं नाही.

मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विषय काढला. फोन काढून ते पत्र दाखवलं. "हे बघ. दर शुक्रवारी मेसमध्ये मोठ्याने वाचायचो. एक जन तर म्हनायचा, तो धीर धरावावाला भाग पुन्हा वाच." हसले. "इंग्रजी काय भारी हाय. त्याने स्वतःच लिहिलं असेल का रे?"

"भावोजी, ते मी लिहिलं," मी म्हणालो. आणि मग सगळं, न थांबता. विम्याच्या चौकोनातल्या टिकपर्यंत.

ते ऐकत राहिले. फोनचा पडदा विझला तसा पुन्हा अंगठ्याने उजळला, पुन्हा विझू दिला.

"म्हंजे," शेवटी म्हणाले, "मी जागा सोडली ती तुझ्या शब्दावर."

"हो."

"कुकला म्हाईत हाय?"

"नाही."

"त्याला सांगू नको. तो फोन करतो मला. त्या राष्ट्रपतीला आशीर्वाद देतो." ते खाली रस्त्याकडे बघत राहिले. मग फोन माझ्या हातात दिला. "हे काढून टाक. माझ्याने होत नाय." बोटामुळे की कशामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पडद्यावर माझी लांब रेघ होती. मी ती काढून टाकली.

"अजून तिथंच हायेस? त्याच टेबलावर?"

"हो."

"टिका तूच करतोस?"

"हो."

त्यांनी मान हलवली. चहा आला नाही. थोड्या वेळाने मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "मला आता कोन घेनार जहाजावर, या हाताने? पन जे जातात त्यांचं नीट बघ."

दुसऱ्या दिवशी टेबलावर एका फिटरचे कागद होते. अलिबागकडचा माणूस, फोटोत नवा शर्ट घालून. विम्याच्या चौकोनापाशी आलो आणि पेन थांबलं. मुदत अजून आठ महिने होती, सगळं ठीक होतं. तरी मी ती तारीख पुन्हा वाचली, मोठ्याने, मग पुन्हा. शेजारच्याने वर बघितलं. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि विमा कंपनीला फोन लावला.